ओकव्हिलचे बिकॉज सर

फुकट शिकवणाऱ्या माणसाचा मला पहिल्या दिवसापासूनच संशय आला होता. कोल्हापूरच्या फौंड्रीत मी चौतीस वर्षं काढली. तिथं नव्या पोराला साचा कसा ठोकायचा हे दाखवायचं तरी जुना मोल्डर आधी एक चहा मागायचा. आणि इथं कॅनडात हा माणूस ओकव्हिलहून आमच्या मिल्टनला स्वतःच्या गाडीनं यायचा, लायब्ररीच्या मागच्या खोलीत आम्हा नऊ-दहा म्हाताऱ्यांना दोन तास इंग्रजी शिकवायचा, आणि बदल्यात कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. घरून आणलेल्या थर्मासमधलं गरम पाणी प्यायचा. मी मुलाला म्हटलं, "ह्यात काहीतरी आहे."

"बाबा, ते व्हॉलंटिअर आहेत," मुलगा म्हणाला.

"असतील. पण का?"

"आता सगळ्यालाच 'का' असतं का, बाबा?"

मुलाला माहीत नव्हतं, पण सरांच्या वर्गात सगळ्यालाच 'का' असायचं. माणूस आत आला की लोक नमस्कार करतात, हॅलो म्हणतात. सर म्हणायचे, "व्हाय आर यू लेट?" वेळेवर आलं तर, "व्हाय आर यू ऑन टाइम?" एकदा मी चांगला वीस मिनिटं आधी पोचलो, तर, "मिस्त्री, व्हाय आर यू अर्ली?" मुलगा दुपारी ऑफिसला परत जाताना सोडून गेला होता एवढंच. पण ते पुऱ्या वाक्यात सांगेपर्यंत मला बसू दिलं नाही. 'बिकॉज' आल्याशिवाय खुर्ची नाही. म्हणून आम्ही त्यांना बिकॉज सर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. बहुतेक आवडतही असावं.

वय अठ्ठ्याहत्तर. उंच, वाळलेला माणूस, कानात मशीन. बाहेर बर्फ असो नाहीतर ऊन, आत आल्यावर बूट काढून लोकरी मोज्यांवर चपला चढवायचे. मूळचे साताऱ्याचे, पण पन्नास वर्षांपूर्वीच इकडं आलेले, त्यामुळं त्यांचं मराठी त्या वर्षीच थांबलं होतं. ते कारला 'मोटार' म्हणायचे, पेपरला 'वर्तमानपत्र', आणि वाक्याच्या शेवटी 'बरे का' जोडायचे. माझी सून म्हणाली, किती क्यूट बोलतात! मला त्यात क्यूट काही दिसलं नाही. इतकं सांभाळून बोलणारा माणूस काहीतरी सांभाळत असतो.

फळ्यावर ते डावीकडच्या टोकाला घडलेली गोष्ट लिहायचे, मग खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला चालत जाऊन उजवीकडं तिचं कारण. मधे हातभर मोकळी जागा. म्हणायचे, "ह्या दोहोंच्या मधला रस्ता आपण चालून जायचा. उडी मारायची नाही, बरे का." बिकॉज, सो, देअरफोर, ॲज अ रिझल्ट. हे चार शब्द मी झोपेतही म्हणू शकतो अजून. 'सहज', 'असंच' आणि 'नशीब' हे तीन शब्द वर्गात बंद होते, कुठल्याही भाषेत.

जालंधरच्या एक बीजी, म्हणजे आजी, होत्या आमच्यात, ब्याऐंशीच्या. त्यांनी प्रत्येक वाक्य 'रब दी मर्जी'वर आणून ठेवलं. सर म्हणाले, "रब इज नॉट इन धिस क्लास." बीजी शांतपणे म्हणाल्या, "रब तां हर जगह है, पुत्तर. तू पढ़ा." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा पुत्तर गप्प फळ्याकडं वळला. सरांना गप्प केलेलं मी पाहिलं ते एवढंच एकदा.

आणि घरून ते मोडक्या वस्तू आणायचे. ह्याचं मला फार नवल वाटायचं. सांधा निखळलेली छत्री, दांडा तुटलेलं बर्फाचं फावडं, जळकी किटली, एका बुटाचा तळवा. टेबलावर ठेवायचे आणि हाताची घडी घालून उभे. "व्हाय?" नडियादचे एक कापडवाले काका होते, ते म्हणाले, "इट ब्रोक बिकॉज इट वॉज ओल्ड."

"नो! माय हाउस इज ओल्ड. इट इज नॉट ब्रोकन. आय ॲम ओल्ड. ॲम आय ब्रोकन?"

सर स्वतःच थोडा विचार करून म्हणाले, "वेल. अ लिटल."

एवढंच असतं तर माणूस चक्रम आहे म्हणून मी सोडून दिलं असतं. पण त्यांच्याकडं एक निळी वही होती. आम्ही जी कारणं सांगायचो ती ते त्या वहीत नावासकट लिहून घ्यायचे. तू उशिरा का आलास, तुझा चष्मा कसा फुटला, तू जेवणात मीठ का खात नाहीस. आणि एक दिवस त्यांनी फळ्याच्या डावीकडं लिहिलं, 'आय केम टू कॅनडा', आणि उजवी बाजू मोकळी ठेवून खडू पुढं केला.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर काकांनी मला पाणी प्यायच्या नळापाशी गाठलं. "भाईसाब, ये आदमी गवर्नमेंट का है."

"मलाही तसंच वाटतंय," मी हिंदीत म्हटलं.

"कैनेडा क्यों आए? ये कौन-सा ग्रामर है? ये तो इंटरव्यू है!"

झालं. पुढच्या बुधवारी नळापाशी आमची आधी बैठक. कुणी काय कारण सांगायचं हे ठरवून आत जायचं. बीजी ठरलेलं विसरायच्या आणि खरंच सांगून टाकायच्या, पण बाकी आम्ही पक्के. काका उभे राहून म्हणाले, "आय केम टू कॅनडा बिकॉज द वेदर इज व्हेरी गुड." बाहेर उणे अठरा होतं. सरांनी खिडकीकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं, आणि वहीत लिहून घेतलं. एक अक्षर बोलले नाहीत. मला ते जास्त वाईट वाटलं. फौंड्रीतला साहेब शिव्या द्यायचा तोवर भीती नसायची. तो गप्प लिहायला लागला की समजायचं, कुणाची तरी बदली.

आता मी एवढा का घाबरत होतो, ते सांगायला हवं.

बायको गेल्यावर मुलानं मला कायमचं इकडं आणलं होतं. इथं कायम राहायचं, पीआर कार्ड म्हणतात ते, पाच वर्षांचं मिळालं. त्या पाच वर्षांत दोन वर्षं तरी इथं राहिलं पाहिजे असा नियम. मी आधी सव्वा वर्ष राहिलो, मग गावी गेलो तो सव्वातीन वर्षं तिकडंच. परत आलो तेव्हा कार्ड संपायला सहा महिने उरले होते. कसाही हिशेब करा, तीन महिने कमीच पडत होते.

मुलगा म्हणाला, "बाबा, रिन्यूला अप्लाय करताना लेटर ऑफ एक्सप्लनेशन लावायचंय. एवढे दिवस बाहेर का राहिलात, ते. नाही पटलं त्यांना तर कार्ड जाईल. मग परत स्पॉन्सर, परत वर्षानुवर्षं वाट."

"गुडघा," मी म्हटलं. "गुडघ्याचं औषधपाणी चालू होतं."

जाताना मी घरात हेच सांगून गेलो होतो. पुतण्याला फोन केला. गावच्या डॉक्टरनं सर्टिफिकेट दिलं, शिक्क्यासकट. काय हवं ते लिहून देतो तो. मुलगा म्हणाला, ऑफिसर बोलावून विचारेलही कदाचित, तुम्ही सरांबरोबर जरा प्रॅक्टिस करा. म्हणजे ज्या माणसापासून लपवायचं, त्याच्याकडंच जाऊन शिकायचं. तोंडावर मी हो म्हणालो आणि तीन आठवडे ते सर्टिफिकेट जाकिटाच्या आतल्या खिशातच ठेवलं.

त्याच दिवसांत सरांनी तो शेगडा आणला. कामाच्या टेबलाला लावतात तो, वस्तू पकडायचा, बिडाचा जड शेगडा. एक जबडा मुळातून तुटलेला. वर्गातल्या सगळ्यांनी आपापलं सांगून पाहिलं. हातोडा मारला असेल. खाली पडला असेल. फार आवळला असेल. सर नुसते मान हलवत होते.

मी उठलो. विचारलंही नाही, सरळ तुटलेला तुकडा हातात घेऊन खिडकीपाशी गेलो. तुटलेल्या जागी हरभऱ्याएवढा खड्डा होता. आतून गुळगुळीत, चकाकणारा. मी करंगळी घालून पाहिली. अशा खड्ड्यापायी माझी कितीतरी कास्टिंगं परत आली होती.

"ब्लोहोल," मी म्हटलं.

सरांनी हाताची घडी सोडली. "गो ऑन, मिस्त्री."

पुढं इंग्रजीत मला येईना. मराठीत म्हटलं, वाळू ओली होती. लोखंडाचा रस ओतला की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती धातूत अडकते. वरून काही दिसत नाही. पंचवीस वर्षं चालतो शेगडा, आणि मग एक दिवस ह्याच जागी तुटतो. ज्यानं आवळला त्याचा काही दोष नाही. दोष ओतणाऱ्याचा.

सरांनी ते तुकड्यातुकड्यानं इंग्रजीत केलं आणि मी मागून म्हटलं. "बिकॉज द सँड वॉज वेट, देअर वॉज स्टीम. देअरफोर, देअर वॉज अ होल. ॲज अ रिझल्ट, इट ब्रोक." बीजींनी टाळ्या वाजवल्या. सर चाळीस वर्षं मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मोडलेला माल तपासायच्या कामावर होते, हे त्या दिवशी मला कळलं. म्हणजे मी ओतायचो आणि ह्याच्यासारखा कुणीतरी परत पाठवायचा. सर म्हणाले, "हा शेगडा मी सहा वर्षं जपून ठेवलाय. दरवर्षी वर्गात आणतो. आजवर एकानेही सांगितले नव्हते, बरे का." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच वेळी मनात आलं, हा मला चढवतोय. काहीतरी काढून घ्यायचंय ह्याला.

त्या दिवशी मुलाची गाडी हायवेवर अडकली होती. सर म्हणाले, चला, मी सोडतो. गाडीत बसलो, आणि त्या शेगड्याची नशा डोक्यात होती म्हणूनच असेल, मी खिशातून तो कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी गाडी कडेला घेऊन वाचला.

"गुडघ्यामुळे चालणे-फिरणे बंद, म्हणून तीन वर्षे प्रवास अशक्य," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी मागच्या सीटवरून निळी वही घेतली, पानं उलटली. "गेल्या महिन्यात तुम्ही वर्गात सांगितलेत की गावी गच्चीवर एक खोली चढवलीत. मजूर मिळेनात म्हणून विटा स्वतः जिन्यावरून वाहिल्या."

ही मीच मारलेली बढाई होती.

"मिस्त्री, ह्या कागदात ब्लोहोल आहे."

"म्हणजे काका म्हणतात ते खरं," मी म्हटलं. "तुम्ही सरकारचा माणूस."

"सरकारला माझी गरज नाही. हे मला दिसले तर तिथल्या ऑफिसरलाही दिसेल. का राहिलात तिकडे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"का राहिलात?"

मी कागद हिसकावून घेतला आणि गाडीतून उतरलो. "घर इथंच आहे," म्हटलं, आणि चालायला लागलो.

घर तिथं नव्हतं. चार वाजून गेले होते, उजेड उतरत होता आणि भुरभुर बर्फ पडत होता. मिल्टनची ती नवी वस्ती ज्यानं पाहिलीय त्याला सांगायला नको. तीच वीट, तेच गॅरेज, तोच दरवाजा, एकापुढं एक शंभर घरं. रस्त्याच्या पाट्या इंग्रजीत. अक्षरं मला ओळखू यायची, पण पाटी वाचता यायची नाही. पहिल्या वळणावर वळलो, दुसऱ्यावर वळलो, आणि कळलं की आपण चुकलोय. पुन्हा.

मागून गाडीचा आवाज येत होता. सर चालण्याच्या वेगानं, दोन्ही दिवे लुकलुकत ठेवून मागं येत होते. खिडकी खाली. बसा म्हणाले नाहीत, थांबा म्हणाले नाहीत. मी थांबलो की गाडी थांबायची. असं अर्धा तास तरी चाललं असेल. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, तिनं माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेली.

शेवटी मीच गाडीपाशी गेलो. खिडकीवर हात ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं, कारण बसून सांगायची मला लाज वाटत होती.

नात पाच वर्षांची होती तेव्हा. स्कूलबसच्या थांब्यावरून तिला घरी आणायचं काम माझ्याकडं होतं. रोज सुनेनं दाखवलेल्या वाटेनं यायचो. एक दिवस रस्त्यात काम निघालं, वाट बंद, म्हणून दुसरीकडून वळलो. आणि मग घर सापडेना. पोरगी म्हणत होती, "आजोबा, नॉट धिस हाउस," मी म्हणत होतो, हेच. परक्याच्या दाराला किल्ली लावली. आतून कुणीतरी ओरडलं. तिचा एक हातमोजा कुठंतरी पडला. बोटं पांढरी पडली होती. तास-दीड तास. मग पोलिसांच्या गाडीनं घरी सोडलं, सगळी गल्ली दारात उभी. सुनेनं पोरीला उचललं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबा, उद्यापासून तुम्ही नका जाऊ." एवढंच. त्या रात्री माझा गुडघा दुखायला लागला. पंधरा दिवसांत मी तिकीट काढायला लावलं.

सरांनी सगळं ऐकलं. वही उघडली नाही. मग म्हणाले, "हे लिहा."

"मुलगा वाचेल."

"वाचणारच. तोच तर पाठवणार."

"त्यापेक्षा कार्ड गेलेलं परवडलं."

"बरे," ते म्हणाले. "मग तसे ठरवा. पण गुडघ्याचे नाव घेऊ नका. त्याचा काही दोष नाही."

पुढच्या बुधवारी मी वर्गाला गेलो नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी गेलो. सरांनी "व्हाय?" विचारलं नाही, खुर्ची सरकवली. पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मला वाचता यावं म्हणून त्यांनी ते बोटभर अक्षरांत काढलं. तरी मी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारत होतो, हा शब्द कशाचा? इथं माझ्या विरुद्ध काही लिहिलं नाही ना? पाच बुधवार गेले. त्यांची अट एकच होती: मुलाला ते मी स्वतः वाचून दाखवायचं. कागद हातात देऊन निघून जायचं नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर मी उभा राहून वाचलं. "आय लॉस्ट द वे विथ माय ग्रँडडॉटर. शी वॉज कोल्ड बिकॉज ऑफ मी. आय वॉज अशेम्ड. देअरफोर आय वेंट अवे, अँड आय सेड इट वॉज माय नी." मुलानं चमचा खाली ठेवला.

"बाबा," तो म्हणाला, "तीन वर्षं मी तिकडच्या ऑर्थोपेडिकला फोन करत होतो."

सून उठून सिंककडं गेली. पाठमोरीच म्हणाली, "मी तुम्हाला ब्लेम नव्हतं केलं, बाबा. दुसऱ्या दिवशी फ्रीझिंग रेन होता, म्हणून म्हटलं नका जाऊ. आणि मला रडू येत होतं, म्हणून बघितलं नाही तुमच्याकडं."

मी ते ऐकून घेतलं. पूर्ण विश्वास बसला असं म्हणणार नाही. तीन वर्षं एक कारण घट्ट धरून ठेवलं, ते एका वाक्यात सुटत नाही. पण दुसऱ्या दिवसाचा तो पडता पडता गोठणारा पाऊस मला आठवत होता, तेवढं खरं.

गुडघ्याचं सर्टिफिकेट मी फाडलं आणि पत्र पाठवलं. त्यानंतर उन्हाळ्यात सर अचानक यायचे बंद झाले. लायब्ररीतली बाई म्हणाली, तिकडं क्विबेकमध्ये, लव्हालला मुलीकडं कायमचे राहायला गेले. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. नळापाशी आमची बैठक बसली. काकांना अजूनही वाटत होतं की बदली झाली. बीजी म्हणाल्या, तब्येत. मला वाटतं त्यांना जिने चढवत नव्हते, पण हे मी नुसतं म्हणतोय, पाहिलेलं नाही.

पानगळीच्या दिवसांत माझं कार्ड आलं. पाच वर्षांचं. त्याच संध्याकाळी मी मुलाकडून नंबर लावून घेतला.

"सर, मिस्त्री बोलतोय. कार्ड आलं."

"उत्तम. का दिले?"

"खरं लिहिलं म्हणून."

"तसे त्यांनी लिहिलेय का?"

"नाही. नुसतं कार्ड आहे."

"मग कारण आपल्याला ठाऊक नाही. कदाचित तुमचे वय पाहिले असेल. कदाचित तीन महिने त्यांना थोडे वाटले असतील."

"खरं लिहिलं म्हणूनच दिलं."

"पुरावा?"

"काल सूनबाई म्हणाली, बाबा, बरं झालं तुम्ही सांगितलंत."

"तो पुरावा नव्हे, मिस्त्री."

"मला चालतो."

मग ते म्हणाले, "हे उत्तर वर्गात दिले असतेत, तर मी तुम्हाला पास केले नसते, बरे का."

"नका करू," मी म्हटलं. "कार्ड माझ्या खिशात आहे."